घरातला स्मोक अलार्म बटण दाबल्यावर वाजतो. तरीही तो बदलावा का?

प्रश्न – उंबरठा

नमस्कार मंडळी,

आम्ही अलीकडेच एका जुन्या दुमजली घरात राहायला आलो. आधी राहणाऱ्यांनी बसवलेले स्मोक अलार्म छताला तसेच आहेत. जिन्याच्या माथ्यावरचा आणि खालच्या बोळातला असे दोन अलार्म घराच्या वीजजोडणीवर चालतात व त्यांच्यावरचा हिरवा दिवा सतत लागलेला असतो. वरच्या मजल्यावरच्या दोन झोपायच्या खोल्यांत आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर असलेले अलार्म निव्वळ बॅटरीवर चालणारे आहेत. बटण दाबले की सगळेच कर्कश आवाजात वाजतात, त्यामुळे त्यांना हात लावायची गरज नाही, असे घरात सर्वांचे म्हणणे आहे. मला मात्र तशी खात्री वाटत नाही.

वरच्या एका खोलीतला अलार्म पहाटेच्या सुमारास थोड्या थोड्या वेळाने एकदाच ‘पीप’ असा आवाज करतो आणि दिवस उजाडला की गप्प होतो. त्याची बॅटरी बदलली, तेव्हा काही दिवस तो शांत राहिला आणि पुन्हा सुरू झाला. स्वयंपाकघराच्या दाराबाहेरचा अलार्म तर शेगडीवर काही थोडेसे करपले तरी घर डोक्यावर घेतो, म्हणून त्याची बॅटरी काढून फडताळात ठेवायची आणि नंतर आठवणीने परत घालायची, अशी घरातल्यांना सवय लागू लागली आहे. ही सवय मला धोक्याची वाटते. शिवाय सासरे तळमजल्यावर झोपतात, त्यांना वयोमानाने कमी ऐकू येते आणि रात्री ते श्रवणयंत्र काढून ठेवतात.

काल शिडी लावून पीप करणारा अलार्म खाली काढला, तर त्याच्या पाठीवर निर्मितीचे वर्ष २०१३ छापलेले दिसले. स्वयंपाकघराबाहेरच्या अलार्मच्या पाठीवर किरणोत्साराचे चिन्ह असून ‘अमेरिशियम २४१’ असे लिहिलेले आहे. ते पाहून सासूबाई घाबरल्या. सगळे अलार्म बदलावेत की केवळ त्रास देणारे दोन बदलावेत? विजेवर चालणारे अलार्मही जुने होतात का? आणि नवे बसवल्यावर त्यांची निगा नेमकी कशी राखायची? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद – तारेवरची_नजर

अग्निसूचक यंत्रणांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की ज्या अलार्मच्या निर्मितीला १० वर्षे होऊन गेली आहेत तो बदलावा, मग तो विजेवर चालणारा असो वा बॅटरीवर, आणि बटण दाबल्यावर वाजत असो वा नसो. ही मुदत पाठीवर छापलेल्या निर्मितीच्या तारखेपासून मोजायची असते. विकत घेतल्याच्या किंवा बसवल्याच्या दिवसापासून नव्हे. काही अलार्मवर निर्मितीऐवजी ‘अमुक तारखेपूर्वी बदला’ असे थेट लिहिलेले असते. कोणतीच तारीख सापडत नसेल, तर तो अलार्म जुना समजून उतरवावा.

बटणाबद्दल सर्वत्र मोठा गैरसमज आहे. बहुतेक अलार्ममध्ये बटण दाबल्यावर आतल्या सर्किटला ‘धूर आला आहे’ असा विद्युत संकेत मिळतो व भोंगा वाजतो. त्यातून बॅटरीत जोर आहे, सर्किट काम करते आहे आणि भोंगा शाबूत आहे, एवढे समजते. हे समजणे महत्त्वाचेच आहे, म्हणून महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे. उत्पादकाने त्याहून कमी अंतराने तपासायला सांगितले असेल तर ते पाळावे. पण बाहेरचा धूर आतल्या कक्षापर्यंत पोहोचतो की नाही, हे बटण सांगत नाही. रंगकाम करणाऱ्याने छताबरोबर अलार्मवरूनही ब्रश फिरवल्यामुळे ज्यांच्या कडेच्या बारीक फटी रंगाने बुजून गेल्या आहेत, असे अलार्म मी अनेक घरांत पाहिले आहेत. बांधकामाच्या वेळी धूळ जाऊ नये म्हणून घातलेली प्लॅस्टिकची टोपी तशीच राहून गेलेलेही पाहिले आहेत. असे अलार्म बटण दाबले की खणखणीत वाजतात, आणि घरातली माणसे त्या आवाजावर विसंबून निश्चिंत झोपतात.

आता आत नेमके काय जुने होते ते पाहू. घरगुती अलार्म प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. प्रकाशावर चालणाऱ्या, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक अलार्ममध्ये एक छोटा काळा कक्ष असतो. त्यात एका बाजूला बारीक एलईडी आणि तिचा झोत थेट पडणार नाही अशा कोनात प्रकाश टिपणारा संवेदक बसवलेला असतो. कक्ष स्वच्छ असताना संवेदकाला अंधार दिसतो. धूर आत शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, त्यातला काही संवेदकावर पडतो आणि अलार्म वाजतो. बंद खोलीत उन्हाची तिरीप आली म्हणजे एरवी न दिसणारे धुळीचे कण जसे उजळून दिसतात, तसाच हा प्रकार आहे. वर्षानुवर्षे बारीक धूळ त्या कक्षाच्या काळ्या भिंतींवर बसत गेली, की धूर नसतानाही थोडा प्रकाश विखुरू लागतो आणि अलार्म विनाकारण वाजण्याची शक्यता वाढते. उलट एलईडी मंदावली किंवा जाळीच्या फटी धुळीने आणि कोळिष्टकांनी भरल्या, तर धूर असूनही अलार्म उशिरा वाजतो.

दुसरा प्रकार आयनीकरणाचा. तुमच्या स्वयंपाकघराबाहेरचा अलार्म तो आहे. त्यात अमेरिशियम २४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश एका धातूच्या चकतीवर बंदिस्त केलेला असतो. त्यातून निघणाऱ्या अल्फा कणांमुळे दोन पट्ट्यांमधली हवा विद्युतभारित होते व त्या हवेतून अतिसूक्ष्म प्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत आले की ते या भारित कणांना चिकटतात, प्रवाह घटतो आणि अलार्म वाजतो. सासूबाईंना अवश्य सांगा, की अल्फा कण हवेत काही सेंटीमीटरच जातात व साधा कागदही त्यांना अडवतो, त्यामुळे अलार्म न उघडता छतावर असेपर्यंत त्याच्यापासून अपाय नाही. या मूलद्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षे आहे. म्हणजे १० वर्षांत त्याचा जोर जवळपास तेवढाच राहतो. जुनी होते ती भोवतालची सामग्री : पट्ट्यांवर बसणारी धूळ व चिकटपणा, दमटपणाने गंजणारे सांधे, थकलेले इलेक्ट्रॉनिक भाग.

तुमच्या पहाटेच्या आवाजाचे कारण असे आहे. अलार्म ठरावीक अंतराने बॅटरीवर क्षणभर भार टाकून तिचा जोर तपासतो. पहाटे घराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते, थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि भाराखाली तिचा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या खाली घसरतो, म्हणून अलार्म पीप करतो. ऊन वर आले की बॅटरी सावरते आणि आवाज थांबतो. नवी बॅटरी घालूनही हेच होत असेल, तर ती बॅटरी दुकानात फार दिवस पडून राहिलेली असू शकते, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराची नसू शकते, किंवा अलार्मच्या आतल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला असू शकतो. यासाठी पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या, उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल तर, वापरू नयेत. अनेक अलार्म आयुष्य संपल्याची सूचनाही अशाच एका पीपने देतात आणि ती बॅटरी बदलून थांबत नाही. तुमच्या अलार्मची निर्मिती २०१३ची असल्यामुळे कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. तो बदलावाच.

प्रतिसाद – खिडकीपाशी

स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या अलार्मविषयी लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या घरातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. त्याचा दोष वाजण्यात नाही. त्याची बॅटरी काढून ठेवण्याची सवय लागते, हा खरा धोका. फडताळातली बॅटरी ज्या रात्री परत घालायची राहते, त्या रात्री त्या बाजूला पहारा नसतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आयनीकरणाचे अलार्म अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांना पटकन प्रतिसाद देतात. भडकलेल्या ज्वाळांतून असे कण निघतात, म्हणून धडधडत्या आगीत ते साधारणपणे थोडे आधी वाजतात. पण तापलेल्या भांड्यातून व करपणाऱ्या अन्नातूनही तसेच कण निघतात, आणि म्हणून स्वयंपाकाच्या जागेजवळ हे अलार्म हैराण करतात. फोटोइलेक्ट्रिक अलार्म मोठ्या कणांच्या दाट धुराला लवकर ओळखतात. गादी, सोफा किंवा वायरचे आवरण बराच वेळ धुमसत राहते तेव्हा असा धूर निघतो. माणसे झोपेत असताना लागणाऱ्या आगी पुष्कळदा अशाच धुमसत वाढतात. त्यामुळे त्या जागी फोटोइलेक्ट्रिक अलार्म घ्यावा आणि तो शेगडीपासून निदान ३ मीटर दूर बसवावा, असे मी सुचवीन. बाथरूमच्या दारापासूनही त्याला १ मीटर तरी दूर ठेवावे, कारण दार उघडताच बाहेर पडणारी दाट वाफ त्याला धुरासारखीच भासते.

‘शांत करा’ असे बटण असलेला अलार्म घेतलात तर अधिक चांगले. ते दाबल्यावर अलार्मची संवेदनशीलता काही मिनिटे कमी होते आणि नंतर तो आपोआप पूर्ववत होतो. बॅटरी काढण्याचा प्रसंगच येत नाही. स्वयंपाकघराच्या आत काही हवे असेल, तर तिथे उष्णतेवर चालणारा अलार्म बसवावा. तो धुराकडे लक्ष देत नाही. छताजवळची हवा साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की वाजतो. तोपर्यंत आग बरीच वाढलेली असते, म्हणून तो स्मोक अलार्मच्या जोडीला ठेवावा, झोपायच्या खोलीत किंवा बोळात त्याच्या जागी कधीही ठेवू नये.

प्रतिसाद – काटकसर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी एक शंका मांडतो. जी वस्तू काम करते आहे ती केवळ तारीख उलटली म्हणून फेकून देणे मला पटत नाही. आमच्या घरी मुदत उलटून गेलेला एक अलार्म आहे. खाली उदबत्ती धरली की तो वाजतो; म्हणजे धूर आत जातो, संवेदक काम करतो आणि भोंगाही वाजतो. मग त्याला आणखी काही वर्षे का राहू देऊ नये? वस्तू लवकर बदलण्यात उत्पादकांचा फायदा असतो आणि कचराही वाढतो. हा प्रश्न मी वाद घालण्यासाठी विचारत नाही. याचे समाधानकारक उत्तर मला खरोखर हवे आहे.

प्रतिसाद – तारेवरची_नजर

शंका रास्त आहे. १० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी अलार्म बंद पडतो असे मुळीच नाही, आणि तुमचा अलार्म आणखी काही वर्षे नीट चालण्याची शक्यताही नाकारता येत नाही. अडचण ही आहे, की तो नीट चालतो की नाही हे घरच्या घरी तपासण्याचा मार्ग नाही.

अलार्मच्या अगदी खाली उदबत्ती धरली, तर त्याच्या फटींपाशी धुराची दाट रेघ जाते. एवढ्या धुराला निम्म्याहून कमी संवेदनशीलता उरलेला अलार्मही वाजेल. खऱ्या आगीत मात्र धूर दुसऱ्या खोलीतून, दाराच्या फटीतून, छताखाली पसरत पसरत विरळ होऊन पोहोचतो, आणि त्या विरळ धुराला अलार्मने वेळेत ओळखणे अपेक्षित असते. नव्या अलार्मची ही संवेदनशीलता प्रयोगशाळेत, मोजलेल्या दाटीच्या धुरात तपासलेली असते. अलार्मच्या पाठीवर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ अशी मानके छापलेली असतात त्यांचा अर्थ हाच. जुन्या अलार्मची संवेदनशीलता कुठे येऊन थांबली आहे, हे उदबत्ती सांगू शकत नाही. शिवाय उदबत्तीचा किंवा काडीचा चिकट धूर कक्षात बसतो आणि अलार्म खराब करतो, व छताजवळ जळती वस्तू धरणे मुळातच धोक्याचे आहे. धुराने तपासायचेच असेल, तर त्यासाठी बनवलेला फवारा मिळतो. तो उत्पादकाने मान्य केला असेल तरच वापरावा.

उशीर झाला तर काय बिघडते, हेही पाहायला हवे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या राष्ट्रीय संस्थेने घरगुती आगींचे प्रयोग केले, तेव्हा ज्वाळांनी पेटणाऱ्या आगीत अलार्म वाजल्यापासून बाहेर पडण्यासाठी मिळणारा वेळ सुमारे ३ मिनिटे आढळला. १९७५च्या सुमारास झालेल्या तशाच प्रयोगांत तो सुमारे १७ मिनिटे होता. आजच्या घरातल्या फोमच्या गाद्या, कृत्रिम धाग्यांचे पडदे आणि प्लॅस्टिक फार वेगाने पेटते, हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. १७ मिनिटांतले दीड मिनिट गेले तर माणूस तरीही बाहेर पडतो. ३ मिनिटांतले दीड मिनिट गेले, आणि त्याच वेळात एखाद्या मुलाला उचलायचे असेल किंवा वृद्धांना जिना उतरवायचा असेल, तर हिशेब जुळत नाही. कचऱ्याबद्दलची तुमची काळजी मलाही वाटते, पण बचत करण्याची जागा ही नव्हे.

प्रतिसाद – काटकसर

संवेदनशीलतेचा मुद्दा पटला. धूर मिळतो की नाही यापेक्षा किती विरळ धूर मिळाल्यावर अलार्म वाजतो हा प्रश्न आहे, असा विचार मी केला नव्हता. अलार्म बदलतो.

प्रतिसाद – मंद्रसप्तक

मी श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून सासऱ्यांच्या प्रश्नावर लिहिते. सर्वसाधारण स्मोक अलार्मचा आवाज ३ मीटरवर निदान ८५ डेसिबल असतो, म्हणजे तो पुरेसा मोठा आहे. अडचण त्याच्या पट्टीची आहे. हा आवाज सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपासचा, बराच वरच्या पट्टीतला असतो, आणि वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात नेमके वरच्या पट्टीतले आवाज आधी हरवतात. दिवसा समोर बसून गप्पा मारणाऱ्या माणसाला रात्री बंद दाराआड, श्रवणयंत्राविना, तो आवाज जाणवणारही नाही, असे होऊ शकते. झोपलेल्या माणसांवर झालेल्या अभ्यासांत ५२० हर्ट्झच्या, खालच्या पट्टीतल्या चौकोनी तरंगाच्या आवाजाने कमी ऐकू येणारी माणसे आणि लहान मुले कितीतरी अधिक खात्रीने जागी झाल्याचे दिसून आले आहे. असा आवाज देणारे अलार्म किंवा मुख्य अलार्मचा आवाज ऐकून पलंगाशेजारी तो खालच्या पट्टीत वाजवणारी जोडयंत्रे मिळतात. फारच कमी ऐकू येत असेल, तर गादीखाली ठेवायची कंप पावणारी चकती आणि लखलखणारा दिवा यांची जोड द्यावी. नुसत्या दिव्यावर मात्र विसंबू नये. गाढ झोपेतल्या माणसाला प्रकाश हमखास जागे करत नाही.

लहान मुलांचाही विचार यात करावा. शाळकरी मुलांची झोप इतकी गाढ असते, की अलार्म जवळ वाजूनही ती अनेकदा उठत नाहीत. म्हणून अलार्म वाजल्यावर कोणाला कोणी उठवायचे, हे मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवावे. आणि सासऱ्यांच्या बाबतीत एक प्रयोग अवश्य करावा : ते श्रवणयंत्र काढून पडलेले असताना, त्यांना पूर्वकल्पना देऊन, खोलीचे दार लावून, बोळातला अलार्म वाजवून पाहावा. त्यांना तो ऐकू येतो की नाही हे त्यांच्याच तोंडून कळेल, आणि ते जागे असताना ऐकू आला नाही तर झोपेत ऐकू येण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद – उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. आज उरलेले अलार्मही पाहिले. विजेवर चालणारे दोन्ही २०११चे आहेत, आणि दुसऱ्या खोलीतल्या अलार्मच्या कडेच्या निम्म्या फटींवर रंग चढलेला आहे. सासऱ्यांना बंद दाराआड बोळातला अलार्म ऐकू आला नाही. त्यामुळे सगळेच बदलायचे, आणि त्यांच्या खोलीसाठी खालच्या पट्टीतला अलार्म व कंप पावणारी चकती घ्यायची, असे घरात एकमताने ठरले.

आता विजेवरचे अलार्म बदलताना काय काळजी घ्यावी? सगळे एकमेकांना जोडलेले असावेत असे वाचले, ते कसे करतात? घरात गॅसवर पाणी तापवण्याचे यंत्र आहे, त्यासाठी वेगळे काही लागते का? आणि जुन्या अलार्मचे, विशेषतः किरणोत्सारी चिन्हाच्या अलार्मचे, काय करायचे?

प्रतिसाद – जोडणीपेटी

मी इलेक्ट्रिशियन आहे. विजेवर चालणारा अलार्म बदलणे हे परवानाधारक माणसाचे काम आहे. कोणीही केले तरी आधी मुख्य पेटीतला त्या सर्किटचा एमसीबी बंद करावा आणि अलार्मपाशी येणाऱ्या तारांत वीज नाही याची टेस्टरने खात्री करावी. हिरवा दिवा विझला एवढ्यावर जाऊ नये. जुन्या अलार्मचा पाया आणि जोडणीचा प्लग नव्याला बसेलच असे नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळे असू शकतात, म्हणून पायासकट बदलण्याची तयारी ठेवावी. विजेवरच्या अलार्ममध्येही वीज गेल्यावर उपयोगी पडणारी बॅटरी असते आणि हिरवा दिवा तिच्याविषयी काही सांगत नाही. त्यामुळे बसवून झाल्यावर एमसीबी पुन्हा बंद करून, निव्वळ बॅटरीवर अलार्म वाजतो का, हे पाहावे. अलार्मचे सर्किट स्वतंत्र नसेल, तर ते रोजच्या वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवर घ्यावे असे मी सांगतो. एमसीबी पडला तर दिवे लागत नाहीत आणि बिघाड त्याच दिवशी कळतो.

एकमेकांना जोडलेले अलार्म म्हणजे एकाने धूर ओळखला की सगळे वाजतात. दुमजली घरात याला पर्याय नाही, कारण तळमजल्यावरच्या अलार्मचा आवाज दोन बंद दारांआडून वर पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो. ही जोडणी तारेने करता येते किंवा रेडिओ लहरींनी. भिंती फोडायच्या नसतील तर दुसरा मार्ग सोयीचा. निरनिराळ्या कंपन्यांचे अलार्म एकमेकांना जोडू नयेत. सुसंगत असल्याचे उत्पादकाने लिहून दिले असेल तेवढेच एकत्र चालतात. बसवल्यावर एका अलार्मचे बटण दाबून बाकीचे सर्व वाजतात का, हे प्रत्येक खोलीत जाऊन ऐकावे.

जागा निवडताना छताचा मध्य उत्तम. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा अडून राहते आणि धूर तिथे उशिरा पोहोचतो, म्हणून भिंतीपासून व दिव्यापासून साधारण ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे. छताचा पंखा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत धुराला अलार्मपासून दूर ढकलतो, तेव्हा त्यापासून १ मीटर तरी दूर राहावे. नवा अलार्म लावण्यापूर्वी त्याच्या कडेवर, खालून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, बदलण्याचे वर्ष मार्करने लिहून ठेवावे. पाठीवरची तारीख पाहायला शिडी आणावी लागते, आणि म्हणून ती कोणी पाहतच नाही.

गॅसच्या यंत्रासाठी कार्बन मोनॉक्साइडचा स्वतंत्र अलार्म घ्यावा. हा वायू रंगहीन व गंधहीन असतो, त्यात धूर नसतो, त्यामुळे स्मोक अलार्मला तो कळत नाही. त्याचा संवेदक रासायनिक असल्याने आयुष्यही वेगळे असते. मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षे धरावीत व पाठीवरची तारीख प्रमाण मानावी. अनेक मॉडेलांत आगीसाठी तीन-तीन आणि या वायूसाठी चार-चार आवाजांचा क्रम असतो. घरातल्या सर्वांना हा फरक एकदा ऐकवून ठेवावा.

प्रतिसाद – तारेवरची_नजर

निगेचा आणि विल्हेवाटीचा प्रश्न राहिला आहे, तेवढे लिहितो.

महिन्याला बटण दाबावे. वर्षातून दोनदा, धूळ जास्त असेल तर अधिक वेळा, व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून अलार्मच्या कडेच्या फटींवरून अलगद फिरवावा आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरून पुसावे. आत हात घालू नये. ओले फडके, साबण, काच पुसायचा द्रव किंवा कोणताही फवारा त्यावर मारू नये, कारण त्याचा थर कक्षात बसतो. किडे मारण्याचा किंवा सुगंधी फवाराही अलार्मखाली उडवू नये. रंगकाम किंवा फरशी घासण्याचे काम चालू असताना अलार्म झाकावा लागतो. तो त्याच दिवशी संध्याकाळी उघडायची जबाबदारी एका ठरावीक माणसावर द्यावी. बदलता येणारी बॅटरी असलेल्या अलार्ममध्ये ती वर्षाला बदलावी, आवाजाची वाट पाहू नये. लिथियमची बॅटरी आतच बंद केलेले १० वर्षे चालणारे अलार्म मिळतात. तुमच्या घरात बॅटरी काढण्याची सवय लागू लागली आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून झोपायच्या खोल्यांसाठी व स्वयंपाकघराबाहेरच्या जागेसाठी मी तसेच घ्या असे सांगेन, कारण त्यांची बॅटरी काढताच येत नाही.

नवे बसून तपासून होईपर्यंत जुने उतरवू नका. नंतर जुन्या अलार्मची बॅटरी वेगळी काढा, ती लिथियमची किंवा ९ व्होल्टची चौकोनी असेल तर तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे डब्यात दुसऱ्या धातूला लागून ती पेटणार नाही. बॅटरी आत बंद असलेल्या अलार्मला बहुधा कायमचा बंद करण्याचा खटका असतो. तो फिरवून अलार्म तसाच द्या. फोटोइलेक्ट्रिक अलार्म ई-कचऱ्यात जातात. अमेरिशियमचा अलार्म मात्र उघडू नका, ठोकू नका, जाळू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. अखंड असताना तो निर्धोक आहे, पण आतली चकती फुटून तिचे कण श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेले तर ती वेगळी गोष्ट होते. असे अलार्म परत घेण्याची सोय उत्पादकाकडे आहे का, हे आधी विचारावे. ती नसेल तर स्थानिक घनकचरा विभागाकडे किरणोत्सारी घटक असलेल्या घरगुती वस्तूंचा नियम विचारून, त्यानुसार पाठीवरचे लेबल न काढता तो जमा करावा.